दुपारच्या जेवणात वाइनची पारख

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच प्रसंगाभोवती फिरणारी आहेत. रेस्टॉरंटमध्ये दुपारच्या जेवणासाठी काही मंडळी जमणार आहेत, एकाऐवजी चार-सहा वाइन मागवून त्या शेजारी शेजारी ठेवून चाखायच्या आहेत, आणि हे सगळे नीट कसे जमवावे याची काळजी पत्रांतून डोकावते. अशी अनेक जेवणे मी स्वतः आखली आहेत आणि त्यांत चुकाही केल्या आहेत. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्यालाच दिले आहे. पत्रे येथे संक्षेपाने घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही पाच जण एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला जमणार असून सहा वेगवेगळ्या वाइनच्या बाटल्या उघडण्याचा विचार आहे. एक स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांची, दोन पांढऱ्या, दोन लाल आणि शेवटी एक गोड. त्या कोणत्या क्रमाने घ्याव्यात, प्रत्येकाला किती ओतावी, आणि जेवता जेवता वाइनकडे लक्ष कसे द्यावे?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो. वाइन कशी आहे हे पाहणे आणि ती जेवणाबरोबर कशी लागते हे पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत. ती एकाच घोटात उरकण्याचा प्रयत्न केला, की दोन्ही अर्धवट राहतात, कारण तोंडात अन्नाचा घास असताना वाइनचा आंबटपणा, तुरटपणा आणि गंध यांपैकी काहीही मूळच्या प्रमाणात जाणवत नाही. त्यामुळे माझा आग्रह असा, की प्रत्येक वाइन दोनदा चाखावी. एकदा ती एकटी असताना, आणि दुसऱ्यांदा घासाबरोबर.

यासाठी रेस्टॉरंटला आधी कळवावे लागते. पहिला पदार्थ बसल्यावर अर्ध्या तासाने आणण्यास सांगावे आणि तोवर टेबलावर साधे पाणी व बिनमिठाचा किंवा अगदी कमी मिठाचा पाव, एवढेच ठेवण्यास सांगावे. ऑलिव्ह, खारवलेले दाणे किंवा चीजचे तुकडे आपल्यासमोर आपसूक आणून ठेवले जातात. ते या अर्ध्या तासात नम्रपणे परत पाठवावेत. मीठ आणि स्निग्धता वाइनच्या उणिवा झाकतात, आणि आपल्याला तर त्या आधी पाहायच्या आहेत.

आता प्रमाण. बाटलीत 750 मिलिलिटर वाइन असते. चव घेण्यासाठी 50 मिलिलिटर पुरेशी होते, आणि 1977 साली आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने वाइन चाखण्याच्या ग्लाससाठी जे मानक ठरवले, त्यातल्या सुमारे 215 मिलिलिटरच्या छोट्या, तोंडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासातही साधारण तेवढीच वाइन ओततात. ग्लास एवढा रिकामा ठेवण्यामागे कंजूषी नसते. वाइन फिरवायला जागा हवी आणि तिच्यातून निघालेला गंध वरच्या पोकळीत साठून राहायला हवा. पाच जणांना 50 मिलिलिटर दिल्यावर बाटलीत 500 मिलिलिटर उरते. ओतलेल्यातला अर्धा भाग घासाशिवाय चाखावा, उरलेला जेवणासाठी ग्लासातच राखावा. बाटली संपवणे हे या जेवणाचे काम नाही.

प्रत्येकाला सहा ग्लास म्हणजे टेबलावर तीस ग्लास होतात, आणि बऱ्याच ठिकाणी तेवढे एकदम मिळत नाहीत. तसे असेल तर दोन-दोन वाइनच्या जोड्या कराव्यात. दोन पांढऱ्या एकदम, मग दोन लाल एकदम. मला स्वतःला ही पद्धत अधिक आवडते, कारण एकटी वाइन आंबट आहे की नाही हे सांगणे कठीण असते, पण शेजारच्या वाइनपेक्षा ती आंबट आहे का, हे कोणीही सांगू शकतो. प्रत्येकासमोर एक पांढरा कागद ठेवून त्यावर ग्लासच्या बुडाएवढी वर्तुळे काढावीत आणि त्यांत आकडे घालावेत. गप्पांच्या ओघात ग्लासांची अदलाबदल झाली, की सगळी मेहनत वाया जाते, आणि ती तशी होतेच.

क्रमाविषयी रूढ नियम असे आहेत. ड्राय, म्हणजे गोडवा नसलेली आधी, गोड नंतर. हलकी आधी, भरदार नंतर. कमी अल्कोहोलची आधी, जास्त अल्कोहोलची नंतर. तुमची यादी या नियमांत जवळजवळ आपोआप बसते. यांतला गोडाविषयीचा नियम कधीही मोडू नये, कारण गोड वाइननंतर घेतलेली उत्तम ड्राय वाइनही आंबट आणि पाणचट लागते. बाकीचे नियम विचार करून वाकवता येतात. उदाहरणार्थ, दोन लाल वाइनपैकी एक बरीच जुनी आणि नाजूक असेल, तर ती ‘नवी आधी, जुनी नंतर’ या प्रथेप्रमाणे शेवटी ठेवण्यापेक्षा मी आधी घेईन. तरुण, तुरट लाल वाइनने जीभ कोरडी केल्यावर जुन्या वाइनचा मंद गंध आणि मऊपणा हाती लागत नाही.

एक बारीक गोष्ट. वाइन ओतण्यापूर्वी रिकामा ग्लास नाकाशी धरून पाहावा. कपाटाचा, खोक्याचा किंवा पुसायच्या फडक्याचा वास ग्लासात अनेकदा अडकलेला असतो आणि त्याचा दोष पुढे वाइनवर येतो. थोडी वाइन ग्लासात घालून सगळीकडून फिरवून टाकून दिली, की तो बहुतेक वेळा जातो. टेबलावरची सुवासिक फुले आणि मेणबत्त्या बाजूला करायला सांगाव्यात, आणि त्या दिवशी अत्तर लावू नये.

प्रश्न : एका जेवणात सुरुवातीला घेतलेली लाल वाइन मला फार आवडली. मात्र मासे आल्यावर तीच वाइन धातूसारखी लागू लागली आणि गोड पदार्थाबरोबर तर चक्क आंबट झाली. नंतर चीजबरोबर ती पुन्हा छान लागली. वाइन बदलत होती की माझी जीभ?

उत्तर : ग्लासातली वाइन तासाभरात हवेमुळे आणि उबेमुळे थोडी बदलते, परंतु तुम्ही वर्णन केलेला बदल मुख्यतः तोंडात घडला. तुमचे निरीक्षण अगदी योग्य आहे, आणि त्यातल्या प्रत्येक टप्प्याला कारण आहे.

हे स्वतः पाहण्यासाठी एक छोटा प्रयोग सुचवतो. जेवण येण्यापूर्वी तीन छोट्या बशांत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि थोडी साखर मागवून घ्यावी. एक तुरट लाल वाइन आणि एक ड्राय पांढरी वाइन समोर ठेवावी. आधी लाल वाइनचा घोट घ्यावा आणि हिरड्यांवर, गालांच्या आतल्या बाजूस येणारा कोरडेपणा ध्यानात ठेवावा. मग मिठाचे दोन-चार कण जिभेवर ठेवून पुन्हा घोट घ्यावा. कडवटपणा मागे सरतो आणि फळाची चव पुढे येते. पाण्याने तोंड धुऊन लिंबाची फोड चाटावी आणि पांढरी वाइन घ्यावी. मघाशी धारदार वाटलेली तीच वाइन आता मऊ, जवळजवळ गोडसर लागते. शेवटी साखर जिभेवर ठेवून तीच पांढरी वाइन घ्यावी. तिच्यातले फळ नाहीसे होते आणि नुसता आंबटपणा उरतो. पाच मिनिटांचा हा प्रयोग ज्याने एकदा केला, त्याला जोड्या जुळवण्याच्या याद्या पाठ कराव्या लागत नाहीत.

तुमच्या गोड पदार्थाने साखरेचेच काम केले. म्हणून गोड पदार्थाबरोबर घ्यायची वाइन निदान त्या पदार्थाइतकी गोड असावी, हा नियम मी कसोशीने पाळतो. सोतर्नसारखी गोड पांढरी किंवा पोर्टसारखी अल्कोहोल घालून गोड राखलेली वाइन शेवटी येते ती याच कारणाने.

लाल वाइनमधला कोरडेपणा टॅनिन या तुरट घटकामुळे येतो. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटते, त्यांचा साका होतो आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा कमी होतो. मांसातली प्रथिने आणि चरबी, त्यावरचे मीठ, यांमुळे तेच टॅनिन सौम्य वाटू लागते. तुरट लाल वाइन आणि भाजलेले मांस ही जोडी इतकी रुळली ती या अनुभवामुळे.

मासे आणि धातूसारखी चव यांविषयी तर नेमके उत्तर मिळाले आहे. 2009 साली जपानमधील संशोधकांनी दाखवून दिले, की वाइनमधल्या लोहाचे प्रमाण जितके जास्त, तितका सागरी अन्नाबरोबर मागाहून येणारा उग्र, मासळ वास तीव्र असतो. लोह बांधून ठेवणारा पदार्थ वाइनमध्ये घातल्यावर हा परिणाम घटला. सर्वच लाल वाइनमध्ये लोह जास्त नसते, म्हणून एखादी हलकी लाल वाइन माशाबरोबर छान जमूनही जाते. ‘माशाबरोबर लाल वाइन कधीच नाही’ असे म्हणणारे थोडी घाई करतात. तरी ठरवून चार बाटल्या मागवायच्या असतील, तर माशांसाठी आंबटसर पांढरी किंवा स्पार्कलिंग वाइन निवडणे शहाणपणाचे.

चीजविषयी माझे मत प्रचलित समजुतीच्या विरुद्ध आहे. लाल वाइन चीजबरोबर छान लागते हे खरे, पण ती छान लागते म्हणजे तिच्यातले खटकणारे पैलू दबतात, आणि त्यांच्याबरोबर चांगलेही दबतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील अभ्यासकांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चीज खाल्ल्यावर लाल वाइनमधल्या फळाच्या, लाकडाच्या आणि तुरटपणाच्या बहुतेक जाणिवा मंदावल्या. वाढला तो फक्त लोण्यासारखा गंध. वाइनच्या व्यापारात जुनी म्हण आहे, की वाइन विकत घ्यावी सफरचंदाबरोबर आणि विकावी चीजबरोबर. त्या म्हणीत हाच अनुभव साठवलेला आहे. त्यामुळे चीज आले की मी बहुधा पांढऱ्या वाइनकडे परत जातो. निळ्या बुरशीचे खारट चीज असेल तर गोड वाइन आधीच उघडतो. खारट आणि गोड यांचा तो मेळ मला सगळ्या जेवणातला सर्वांत सुंदर क्षण वाटतो.

तिखट पदार्थ असतील तर मात्र जपावे. मिरचीतला कॅप्सेसिन हा घटक तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या ज्या संवेदी रचनांना चेतवतो, त्यांनाच अल्कोहोलही चेतवते. 14.5 टक्के अल्कोहोलची भरदार लाल वाइन त्या आगीत तेल ओतते. कमी अल्कोहोलची, किंचित गोडवा असलेली, थंड रीझलिंग ही पांढरी वाइन अशा वेळी जिभेला दिलासा देते. आर्टिचोक ही भाजी, शतावरीचे कोंब आणि अंड्याचा मऊ बलक हे तीन पदार्थही वाइनशी सहसा फटकून वागतात. वाइनच केंद्रस्थानी असेल तर ते मेनूतून वगळलेले बरे.

प्रश्न : वाइन उघडल्यावर एकाच्या ग्लासात थोडी ओतून त्याचा कौल घेतात. त्या वेळी नेमके काय सांगायचे असते? आवडली नाही तर परत करता येते का?

उत्तर : तो घोट आवडीनिवडीसाठी नसतो. वाइन बिघडलेली नाही ना, एवढेच तपासायचे असते. त्याआधी बाटली दाखवतात तेव्हा लेबलवरचे नाव आणि साल आपण मागवलेलेच आहे का, हे वाचून पाहावे. वाइन निर्दोष असूनही आपल्या पसंतीस उतरली नाही, तर ती परत करण्याचा हक्क पोचत नाही. काही ठिकाणी सौजन्य म्हणून बदलून देतात. पण सोमेलिएने, म्हणजे रेस्टॉरंटच्या वाइन-जाणकाराने, स्वतः आग्रहाने सुचवलेली वाइन त्याने केलेल्या वर्णनापेक्षा अगदीच वेगळी निघाली, तर तसे मोकळेपणाने सांगावे.

दोषांपैकी सर्वांत ओळखण्याजोगा दोष बुचाचा. टीसीए या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक संयुग बुचातून वाइनमध्ये उतरते आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येतो. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढ्या अत्यल्प प्रमाणातही नाक ते टिपते. पाच नॅनोग्रॅमचा हिशेब धरला, तर त्या संयुगाचा एक ग्रॅम वीस कोटी लिटर वाइन बिघडवायला पुरेल. त्याहून कमी प्रमाण असेल तेव्हा कोंदट वास येत नाही. फक्त फळाचा गंध नाहीसा होतो आणि वाइन मुकी वाटते. हा प्रकार अधिक घातक, कारण अशा वेळी लोक बाटलीला दोष न देता वाइन बनवणाऱ्याला नावे ठेवतात.

काही वर्षांपूर्वी एका जेवणात आम्ही आठ जण होतो. दुसऱ्या क्रमांकाची पांढरी वाइन आली, सर्वांनी चाखली, आणि टेबलावर शांतता पसरली. कोणीच काही लिहीना. प्रत्येकाला वाटत होते, की आज आपलेच नाक काम करत नाही. बाटलीचा कौल मीच दिला होता, त्यामुळे मीही गप्प राहिलो. शेवटी आमच्यातल्या सर्वांत नवख्या मैत्रिणीने विचारले, “हिला पावसात भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास येतोय, तो असाच असतो का?” आम्ही त्याच वाइनची दुसरी बाटली मागवली. दोन्ही ग्लास शेजारी ठेवल्यावर फरक इतका स्पष्ट होता, की माझ्या मौनाची मला खंत वाटली. तेव्हापासून शंका आली की मी लगेच बोलतो, आणि वाढणाऱ्यालाही एकदा वास घेऊन पाहण्याची विनंती करतो. त्याला बहुतेक वेळा आपल्याआधीच कळते.

बाकी दोषही नाकानेच कळतात. व्हिनेगर किंवा नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास, अथवा तरुण पांढऱ्या वाइनला आलेला तपकिरी रंग आणि ठेचकाळलेल्या सफरचंदाचा वास ही बिघाडाची लक्षणे आहेत. विझलेल्या काडीचा किंवा किंचित सडक्या अंड्याचा वास मात्र ग्लास जोराने फिरवल्यावर अनेकदा उडून जातो, म्हणून दोन मिनिटे थांबावे. तळाशी साखरेसारखे चकाकणारे खडे दिसले तर घाबरू नये. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. बूच हुंगून विशेष काही कळत नाही.

ग्लासच्या हिशेबाने वाइन मागवत असाल, तर बाटली केव्हा उघडली हे विचारण्यात संकोच करू नये. कालपासून अर्धी उघडी राहिलेली बाटली आणि नुकतीच उघडलेली बाटली यांची तुलना करून वाइनविषयी मत बनवणे अन्यायाचे आहे.

प्रश्न : माझ्या मित्रांना वाइनमध्ये चेरी, चामडे, व्हॅनिला असे काय काय सापडते. मला फक्त वाइनचाच वास येतो. मी चाखण्याच्या जेवणाला जावे की नाही?

उत्तर : अवश्य जावे. गंध ओळखता न येणे हे बहुधा नाकाचे अपयश नसते, शब्द न सापडण्याची अडचण असते. ओळखीचा चेहरा दिसावा आणि नाव आठवू नये, तसे ते आहे. डेव्हिस येथील अॅन नोबल यांनी 1980 च्या दशकात वाइनच्या गंधांचे एक चक्र तयार केले, ते नेमके याच अडचणीवर आहे. मध्याशी ‘फळ’, ‘फुले’, ‘मसाले’ असे ढोबळ गट आणि बाहेरच्या कडेला नेमके गंध. तुम्हीही आतून बाहेर जावे. आधी फळ आहे का, एवढेच ठरवावे. मग ते लिंबाच्या जातीचे की लाल बोरांसारखे, ताजे की मुरांब्यासारखे शिजलेले. एवढ्यावर थांबलात तरी नोंद प्रामाणिक आणि उपयोगी होते.

एक गोष्ट आपल्या हातात असते, ती करून पाहा. नाक चिमटीत धरून वाइनचा घोट घ्यावा. आंबट, गोड, कडू, तुरट एवढेच कळेल. घोट तोंडात असतानाच चिमटी सोडावी. घशाच्या मागच्या बाजूने गंध वर नाकात चढतो आणि चव एकदम उमलते. आपण जिला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा गंधच असतो, हे त्या एका क्षणात पटते.

मित्रांच्या वर्णनांनी दबून जाऊ नये, याला आणखी एक आधार आहे. 2001 साली फ्रान्समधल्या बोर्दो येथील संशोधकांनी 54 जणांना एक पांढरी वाइन दिली आणि नंतर तीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून दिली. रंगवलेल्या वाइनचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. ते सारे वाइनशास्त्राचेच विद्यार्थी होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगात तीच वाइन जास्त किंमत सांगून दिल्यावर लोकांना अधिक आवडली, आणि मेंदूत सुखाच्या जाणिवेशी निगडित भागाची हालचालही वाढलेली दिसली. त्यामुळे तुमच्या जेवणात बाटल्या कागदात गुंडाळून फक्त आकड्यांनी वाढाव्यात आणि किंमती शेवटपर्यंत कोणालाही सांगू नयेत, अशी माझी शिफारस आहे. आधी सर्वांनी शांतपणे लिहावे आणि मग बोलावे. पहिला जो बोलतो त्याचे शब्द बाकीच्यांच्या नाकात शिरतात.

नोंदीसाठी दोन रकाने करावेत, एक घासाआधीचा आणि एक घासानंतरचा. रंग, गंध, आंबटपणा, तुरटपणा, आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, एवढे पुरे. जेवणाच्या शेवटी हे दोन रकाने शेजारी वाचताना जी वाइन पहिल्यात साधी वाटली तीच दुसऱ्यात सर्वांना हवीशी झाली, असे मी अनेकदा पाहिले आहे. स्पेनची फिनो शेरी ही अगदी ड्राय वाइन याचे उत्तम उदाहरण. एकटी ती अनेकांना रूक्ष वाटते, आणि खारट बदामाबरोबर तिचा ग्लास सर्वांत आधी रिकामा होतो.

प्रश्न : सहा वाइन म्हणजे फारच झाले, असे घरच्यांचे म्हणणे आहे. थुंकण्याची पद्धत रेस्टॉरंटमध्ये शोभते का?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. हिशेब करून पाहू. 50 मिलिलिटरच्या सहा वाइन पूर्ण प्यायल्या, तर 300 मिलिलिटर होतात. अल्कोहोल 13 टक्के धरले तर शरीरात सुमारे 31 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. यकृत साधारणपणे तासाला सात ते दहा ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते, म्हणजे त्याला तीन ते साडेचार तास लागतात, आणि कॉफीने किंवा गार पाण्याने तो वेळ कमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केले आहे, की अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. हे जाणूनच आपण टेबलाशी बसावे.

थुंकणे शोभते, आणि माझ्या मते ते आवश्यक आहे. प्रत्येकाला अपारदर्शक कागदी पेला द्यावा आणि टेबलाच्या टोकाला ग्लासातली उरलेली वाइन ओतण्यासाठी एक भांडे ठेवावे. पेला ओठांजवळ नेऊन वाइन हलकेच सोडावी आणि ओठ नॅपकिनने टिपावेत, एवढेच करायचे असते. पहिल्या फेरीत, म्हणजे वाइन एकटी चाखताना, सर्व घोट थुंकावेत. घासाबरोबरचे मोजके घोट गिळावेत. थुंकले तरी थोडे अल्कोहोल तोंडातून शोषले जातेच, म्हणून परतीच्या प्रवासाची व्यवस्था आधीच करावी आणि चाखणाऱ्यांपैकी कोणीही गाडी चालवू नये. अगदी रिकाम्या पोटी येऊ नये. जीभ सकाळी उशिरा, किंचित भूक असताना सर्वांत तल्लख असते हे खरे, पण उपाशीपोटी अल्कोहोल झपाट्याने रक्तात उतरते. झोपेची किंवा तत्सम औषधे सुरू असतील त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या बेतात भाग घेऊ नये, आणि गर्भवती स्त्रियांनी चाखणे पूर्णपणे टाळावे.

प्रश्न : लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात. आमच्या रेस्टॉरंटमध्ये ती कोमट लागली. तक्रार करावी का?

उत्तर : तक्रार कशाला, बर्फाचे भांडे मागावे. भरदार लाल वाइन 16 ते 18 अंश सेल्सिअसला, हलकी लाल 13-14 अंशांना, भरदार पांढरी 10 ते 12 आणि स्पार्कलिंग 6 ते 8 अंशांच्या आसपास चांगली लागते. ‘खोलीचे तापमान’ हा सल्ला जुन्या, थंड खोल्यांच्या काळातला आहे. उबदार वाइनमध्ये अल्कोहोल नाकाला झोंबते, आणि अति गार लाल वाइन कडवट व गंधहीन होते. बर्फाच्या भांड्यात पाणीही घालायला सांगावे. नुसत्या बर्फाचे खडे बाटलीला ठिकठिकाणी टेकतात, पाणी मात्र तिला सर्व बाजूंनी वेढते, म्हणून बाटली लवकर गार होते. लाल वाइनला दहा मिनिटे पुरतात.

प्रश्न : मी मद्य घेत नाही, पण मित्रांच्या या जेवणात सहभागी व्हायचे आहे. मला काय करता येईल?

उत्तर : चाखण्याचा बराचसा आनंद नाकाचा आहे, आणि वास घेण्यासाठी एकही थेंब प्यावा लागत नाही. तुमच्यासमोरही सगळे ग्लास ठेवण्यास सांगा, वास घ्या आणि नोंद करा. न पिणाऱ्याच्या नोंदी शेवटपर्यंत तितक्याच नेमक्या राहतात, हा माझा अनुभव आहे. जेवणाबरोबर तुरटपणासाठी गार काळा चहा आणि आंबटपणासाठी न गाळलेला, साखर न घातलेला द्राक्षरस मागवता येईल, म्हणजे घासाबरोबर काय बदलते हेही तुम्हाला पाहता येईल. अल्कोहोल काढून टाकलेल्या वाइनही मिळतात. त्यांत पूर्ण शून्य असते की थोडे राहिलेले असते, हे लेबलवर वाचावे, कारण युरोपीय नियमांनुसार 0.5 टक्क्यापर्यंत अल्कोहोल असले तरी तसे नाव देता येते.

प्रश्न : जेवणानंतर बाटल्यांत बरीच वाइन उरली. ती रेस्टॉरंटमध्ये सोडून द्यावी का?

उत्तर : नियम परवानगी देत असतील तर बाटली सीलबंद करून मागून घ्यावी. बूच घालून उभी बाटली फ्रिजमध्ये ठेवली, तर पांढरी आणि लाल वाइन दोन-तीन दिवस चांगली राहते. लाल वाइन पिण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढावी. स्पार्कलिंगला तिचे खास झाकण हवे, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिच्यात फारसे काही उरत नाही. गोड वाइन आणखी काही दिवस टिकते, आणि पोर्ट तर कित्येकदा काही आठवडे. बाटलीला आकड्याची चिठ्ठी तशीच राहू द्यावी आणि नोंदीचा कागद जपून ठेवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, या वेळी एकट्याने आणि घाई न करता, तीच वाइन चाखून तिसरा रकाना भरता येतो.